ताडपत्रीचं पान

माझी ताई वाऱ्याशी भांडायची. थट्टा नाही, त्याचाच तिला पगार मिळायचा. ट्रक बनवणाऱ्या कंपनीत ती संशोधक होती. धावत्या ट्रकला वारा किती अडवतो ते मोजायचं, आणि केबिनचा पुढचा भाग असा घडवायचा की वारा कमी लागेल, डिझेल वाचेल. त्या भागाला ती नाक म्हणते. एका नाकापायी बावीस वर्षं! भावोजी लग्नाच्या वाढदिवसालाही एकटेच जेवायचे.

मी ट्रक ड्रायव्हर. डिझेल जास्त जळलं की मालक आम्हालाच चोर ठरवतात. म्हणून तिला एकदा म्हटलं, "ताई, तुझं नाक ठीक आहे गं, पण मागे मालावरची सैल ताडपत्री फडफडते ना, तेव्हा गाडी नुसती रडते. घट्ट बांधली की कशी पळते बघ."

"गप रे शहाण्या," म्हणाली. पण डोक्यात घेतलं. निवृत्ती दोन महिन्यांवर आली असताना साहेबांच्या हात धुऊन मागे लागली आणि चाचणीच्या बोगद्यात एक दिवस मिळवला. बोगदा म्हणजे लांबलचक हॉल, एका टोकाला घराएवढा पंखा. मध्ये अख्खा ट्रक उभा केलेला. ताडपत्री बांधायला मला बोलावलं, कारण त्यांच्या एकाही इंजिनिअरला धड गाठ मारता येईना. घ्या!

आधी सैल बांधली, मग आवळून. आकडे आले. ताईच्या नाकानं शंभर लिटरमागे चार लिटर वाचत होतं. माझ्या दोरीनं सात!

मी हवेत. "आता छाप हे तुझ्या अहवालात. आम्हाला चोर म्हणणाऱ्यांची तोंडं तरी बंद होतील!"

ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होती. नुसती मान हलवली.

निवृत्तीच्या दिवशी कंपनीत निरोप समारंभ होता, मीही गेलो होतो. तिथे तिचा अहवाल सगळ्यांना वाटला. मी तिथल्या तिथे चाळला. नाकाचे फोटो, नाकाचे आलेख, आणि ताडपत्रीचं नावसुद्धा नाही! तळपायाची आग मस्तकात गेली. कंपनी ताडपत्री विकत नाही ना, म्हणून साहेबानं पान गाळलं असणार. तडक त्याच्या ऑफिसकडे निघालो. ताईनं जिन्यातच माझं मनगट धरलं.

"साहेबांना काही बोलू नकोस. ते पान त्यांनी दोनदा मागितलं. मीच दिलं नाही."

"अगं, पण का?"

"बावीस वर्षं गेली रे माझी त्यात. एक दोरी पुरली असती, हे माझ्याच हातानं कसं लिहू?"

इतका राग आला होता तिचा, पण मनगट सोडवून घ्यायचं धाडस झालं नाही.