पेटीत बसलेला सुतार

एपीएमसी मार्केटमागे फळांच्या पेट्या बनवणारा साताऱ्याचा एक सुतार माझ्या रोजच्या वाटेवर होता. बोलणं मोजकं, ठोकलेला प्रत्येक खिळा अंगठ्यानं चाचपून बघायचा. आम्ही जर्मनीला निघालो, तेव्हा आमच्या लॅब्राडोरची, ब्रुनोची, विमानातली पेटी मी त्यालाच बनवायला सांगितली.

पेटी तयार झाल्यावर तो अंग चोरून स्वतःच आत शिरला. म्हणाला, "दार लावा."

दहा मिनिटांनी घामाघूम होऊन बाहेर आला. "हवा कमी हाय. भोकं वाढवतो."

"अहो, भोकं नियमाप्रमाणे आहेत. परवा विमान आहे!"

"नियम आत बसणार हाय का?" म्हणत त्यानं फळी उचकटली.

फ्रँकफर्टला मी भीतभीतच दार उघडलं. ब्रुनो बाहेर आला, त्यानं आळस दिला आणि तो पुन्हा आत जाऊन झोपला.