दवाखाना तिकडे आहे

मुलगी नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत आली नव्हती. सिंदेवाहीच्या पलीकडे, जंगलाला लागून तिचं गाव. ऐकू येत नाही म्हणजे शिकताही येणार नाही, असं घरच्यांनी गृहीत धरलेलं. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्याजवळ वीस-पंचवीस खुणा होत्या, सगळ्या घरात तयार झालेल्या. भूक, पाणी, शेळी, सापाची खूण. मनगटावर बोटानं टोचलं की आई, कारण आईच्या मनगटावर गोंदण होतं.

मी नागपूरला सांकेतिक भाषा शिकून आलेली. कागदोपत्री विशेष शिक्षिका. गावांत मला ‘हातवारेवाली बाई’ म्हणत. ब्रह्मपुरीहून सकाळची एसटी, मग काळीपिवळी जीप. वर्गात फळ्याशेजारी उभी राहून सर जे बोलत ते हातांनी सांगायचं, आणि ती जे विचारेल ते तोंडानं सरांना. माझं स्वतःचं असं त्यात काही नसायचं. प्रशिक्षणातही हेच बजावलेलं : आपलं काही मिसळायचं नाही, आणि काही गाळायचंही नाही.

‘का’ची खूण तिला कळायला दोन वर्षं लागली, आणि कळली तेव्हा तिनं माझी पाठच सोडली नाही. पानं का गळतात? सर का रागावले? तुझं लग्न का नाही झालं? सगळ्या वर्गाच्या मागून येऊन ती नववीपर्यंत पोचली तेव्हा सतरा वर्षांची झाली होती.

त्या मार्चमध्ये गणिताचा तास चालू असताना मुख्याध्यापकांनी मला दारातून बोलावलं. व्हरांड्यात तिचा काका उभा होता. खांद्यावरचा शेला त्यानं दोन्ही हातांत पिळून धरलेला.

“बाई, तिची माय गेली,” तो म्हणाला. “सकाळी मोहा वेचाले गेली होती. वाघानं…”

मुख्याध्यापक खाली बघत होते. खिडकीतून मला ती दिसत होती. मी बाहेर आले म्हणून ती वहीत काहीतरी रेघोट्या मारत बसली होती.

“मी सांगते तिला,” मी म्हटलं.

“नाई, नाई. आता काई सांगू नका. गाडीत आंग टाकन पोरगी. माय बिमार हाये, दवाखान्यात नेली, असं म्हना. घरी गेल्यावर बाया सांभाळतीन.”

“भाऊ, तिला घरी गेल्यावर कळणारच आहे ना. मग मी खोटं काऊन सांगू?”

“तुमच्याबिगर कोन सांगन? आमाले तर तिच्याशी बोलताच येत नाई.”

मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, घरच्यांची इच्छा आहे. आपण मध्ये कशाला पडायचं? तुम्ही सोबत जा.”

मी आत गेले आणि सांगितलं. आई आजारी. दवाखाना. चल.

जीपमध्ये ती माझ्यासमोर बसली, मुद्दाम, माझे हात दिसावेत म्हणून. काका पुढं ड्रायव्हरजवळ. तिनं विचारलं, ताप? मी म्हटलं, ताप. सलाईन लावलं? लावलं. बोलते? मी होकारार्थी मान हलवली. एकदा सुरू झाल्यावर ते थांबवायचं कसं तेच मला कळेना. मग ती सांगू लागली. सकाळी तिला आईबरोबर मोहा वेचायला जायचं होतं, पण आईनं परीक्षा जवळ आली म्हणून परत पाठवलं आणि जाता जाता तिची वेणी घालून दिली. दवाखान्यात मी राहीन, ती म्हणाली, बाबाला काही जमत नाही. तू येशील? डॉक्टर बोलेल ते मला सांगायला?

येईन, मी म्हटलं.

फाट्यावर जीप सिंदेवाहीकडे वळली नाही, गावाच्या रस्त्याला लागली. तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं, मग माझ्याकडे. दवाखाना तिकडे आहे, ती म्हणाली.

मी हात मांडीवर ठेवले. तिनं तेच पुन्हा सांगितलं, मोठ्या खुणांनी, मला नीट दिसलं नसेल असं वाटून. मी रस्त्याकडच्या सागाच्या झाडांकडे बघत राहिले.

घरापुढं माणसं जमली होती. वन खात्याची गाडी उभी होती. बाया रडत होत्या. तिला ऐकू येत नव्हतं, पण उघडी तोंडं दिसत होती. एकीनं तिला छातीशी धरलं. ती त्या मिठीतून मान काढून मलाच शोधत होती. शेवटी मी समोर गेले आणि सांगितलं. आई मेली. वाघ.

वाघाची खूण आम्ही वर्गात किती वेळा केली असेल. गालांवर दोन्ही पंजे ओढायचे, डोळे मोठे करायचे. ती नेहमी हसायची.

केव्हा? तिनं विचारलं.

सकाळी.

तुला माहीत होतं? शाळेत?

हो.

तिनं माझी दोन्ही मनगटं धरली आणि हात खाली दाबले. जोरात नाही. एखादं भांडं झाकावं तसे. मग ती बायांमध्ये जाऊन बसली.

पंधरा दिवसांनी ती शाळेत आली. मी रोजच्या जागी उभी राहिले. तिनं पुस्तक उघडलं आणि मान वर केलीच नाही. ऐकणाऱ्या मुलांच्या कानावर नको असलं तरी काहीतरी पडतं. तिला फक्त माझ्याकडे बघायचं नव्हतं, तेवढ्यानं सगळं बंद झालं. सर शिकवत राहिले, मी हात हलवत राहिले. परीक्षेच्या सूचना सांगायला गेले तर तिनं प्रश्नपत्रिका डोळ्यांसमोर धरली.

जूनमध्ये ती आली नाही. जुलैत मी गावी गेले. ती भाताच्या बांधीत रोपांची रोवणी करत होती. मी शेताच्या कडेला, धुऱ्यावर उभी राहिले. मला पाहून ती बऱ्याच वेळानं जवळ आली. मी म्हटलं, चुकलं माझं. त्यांनी सांगितलं, मी तसंच सांगितलं.

तिनं चिखलाचे हात लुगड्याला पुसले. काका खोटं बोलला काय, सर खोटं बोलले काय, ते मला कळत नाही, ती म्हणाली. ते तोंडानं बोलतात. तू हातांनी बोललीस.

ती परत ओळीत गेली, आणि बाया तिच्यासाठी थोड्या सरकल्या.

दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, आलापल्लीकडे. माणसं चांगली आहेत, असं तिच्या काकूनं सांगितलं. “इशारे समजतेत ना तिले, कामापुरते,” काकू म्हणाली. तिच्या डोक्यात तोवर कितीतरी हजार शब्द जमले होते, हे काकूला सांगून काही उपयोग नव्हता.

काकूकडून मी फोन नंबर घेतला. दिवाळीनंतर मोबाइल टेबलावर टेकवून एक छोटा व्हिडिओ काढून पाठवला. कशी आहेस, घर कसं आहे, एवढंच. दुसऱ्या दिवशी दोन निळ्या खुणा दिसल्या. तिनं पाहिला होता. उत्तर आलं नाही. दुसरा व्हिडिओ मी दोनदा काढला, आणि दोन्ही वेळा पुसून टाकला.