फोटोसाठी थांबलेला हात

रक्त दिलं की माणूस वाचतो, असं तुम्हीही धरून चालता का? स्पिरिटचा वास आला की मला आमच्या भोसरीच्या कारखान्याची ती तापलेली पत्र्याची शेड आठवते. आमच्या एका सोबत्याचा हात प्रेसखाली चिरडला होता. रक्ताअभावी ऑपरेशन अडलं होतं आणि पूर्ण शिफ्टमध्ये त्याच्या रक्तगटाचा मी एकटाच निघालो. मी बाकावर आडवा झालो. इस्पितळातून आलेल्या नर्सबाईंनी माझ्या हातात सुई टोचली आणि रक्त जमा होणारी काचेची बाटली एका फिटरच्या हातात दिली. "तळाला सोडियम सायट्रेटचं पाणी आहे. ते मिसळत राहिलं तरच रक्त गोठत नाही. हलवत राहा, थांबू नका," असं सांगून त्या गाडीतून सामान आणायला गेल्या. तेवढ्यात साहेब फोटोग्राफर घेऊन आले. "बाटली स्थिर धर. मागची कंपनीची पाटी दिसू दे." "साहेब, बाई हलवत राहा म्हणाल्यात." "मग बाईंकडूनच पगार घे." त्याचा हात थांबला. "हलव राव," मी ओरडत होतो, पण हातात सुई होती, उठता येईना. साहेबांनी टाय नीट केला, जागा बदलली, पुन्हा फोटो काढवला. बाई परतल्या तेव्हा बाटलीत काळपट गुठळ्या झाल्या होत्या. पुण्याहून दुसरी बाटली येईपर्यंत सोबती गेला. तो फोटो आजही कंपनीच्या दारात टांगलेला आहे, खाली 'रक्तदान, जीवनदान' असं लिहून. तुमच्या गेटवर शिबिर भरलं, तर बाटली हलवणाऱ्याच्या शेजारी उभे राहा आणि त्याचा हात कुणालाही थांबवू देऊ नका.