"नाऊ स्माइल"

"यू फर्स्ट," तो म्हणाला. तू आधी खा.

तिळगुळाची वडी माझ्या हातात. त्याच्या खांद्यावर रायफल. आणि त्याच्या हातातला मोबाइल माझ्या तोंडावर रोखलेला, रेकॉर्डिंग चालू.

अमेरिकेतल्या नोव्हाय गावात आमच्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता. भाड्याचा हॉल. बाहेर बर्फ, आत काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, एका कोपऱ्यात बोरन्हाणाची तयारी. दारात उभं राहून येईल त्याला तिळगूळ द्यायचं काम माझ्याकडे. येईल त्याला. हीच आमची खोड. दार उघडलं की आधी हात पुढे करायचा, माणूस मागनं बघायचा. रायफल दिसेस्तोवर मी "तिळगूळ घ्या" म्हणून बसले होते.

मी खाल्ली. "वन मोअर." दुसरीही खाल्ली. "नाऊ स्माइल." मी हसले. अहो, खरंच हसले! माझी रेवा, पंधरा वर्षांची लेक, हळदीकुंकवाचं तबक घेऊन शेजारीच उभी होती. तिच्यादेखत हसले. मग त्याने हॉलभर नजर फिरवली, आमच्या पोरांकडे बघून "सो मेनी ऑफ यू" म्हणाला आणि आला तसा निघून गेला.

पोलीस आले. नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही त्याला बाहेर जायला सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग त्याने कायदा मोडलेला नाही, मॅम."

बंदूक उघडी बाळगायला इथे मुभा आहे. जा म्हटल्यावर गेला नाही, तरच गुन्हा. म्हणजे रायफलवाल्याला जा कोणी म्हणायचं? वडी घेऊन उभ्या असलेल्या बाईने. वा रे न्याय!

त्याच आठवड्यात तो व्हिडिओ फिरायला लागला. हा देश फक्त गोऱ्यांचा म्हणणाऱ्या, बंदुकांचे फोटो टाकणाऱ्या टोळक्याने टाकला होता. वर लिहिलं होतं, "फीडिंग टाइम". जनावरांना खायला घालायची वेळ. रेवाच्या शाळेत पोचला. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला.

"आई, व्हाय डिड यू स्माइल?"

मी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला.

मंडळाचे अध्यक्ष वसंतकाका घरी आले. चहा घेतला. "अगं, हात लावला का त्याने? नाही ना? मग कशाला उगाच? निम्म्या लोकांची ग्रीन कार्डं अडकलीत. दगडाखाली हात आहेत आपले." हात त्यांचे होते, पण दगडाखाली मला ठेवून ते मोकळे झाले. तेव्हापासून मला प्रत्येकाचा संशय येतो. पार्किंगमध्ये मागे थांबलेल्या गाडीचा येतो. "आर यू ओके?" विचारणाऱ्या शेजारणीचाही येतो. तो व्हिडिओ बघून ती पण हसली असेल का? कोण जाणे!

मग एका आमदाराच्या ऑफिसातून फोन आला. विधेयक आहे म्हणे. प्रार्थनेला, सणाला लोक जमतात तिथे बंदूक न्यायचीच नाही, कोणी जा म्हणायची वाट बघायची नाही. वंशद्वेषाने धमकावणाऱ्यांच्या बंदुका काढून घ्यायच्या. समितीपुढे साक्ष द्याल का? देते म्हटलं.

"ग्रेट! ट्रॅडिशनल ड्रेस घालाल? आणि ते स्वीट्स पण आणा. टोन जरा पॉझिटिव्ह ठेवा, प्लीज."

तेव्हाच मला वास आला. ह्यांनाही मी तशीच हवी होते. हातात वडी, समोर कॅमेरा.

ऑफिसला घालते तीच पँट घालून गेले. रेवा सोबत होती. दाराशीच आमदारसाहेब फोटोग्राफर घेऊन उभे. "स्वीट्स कुठायत? चला, एक फोटो. स्माइल!"

"नो," मी म्हटलं. एवढंच.

आत मी सगळं सांगितलं. म्हटलं, मी गाड्यांचे ब्रेक तपासते. माणूस चिरडल्यावर ब्रेक बसवायचा, असं आमच्याकडे कोणी म्हटलं तर त्याला हाकलतात. तुम्ही तेच करताय. प्रत्येक वेळी आधी मढी मोजता, मग मेणबत्त्या लावता.

एक सदस्य चष्मा पुसत म्हणाले, "पण तुम्ही त्याला जा म्हणालात का?"

माझं डोकंच फिरलं. "तुम्ही म्हणून दाखवा. शेजारी तुमची लेक आहे. समोर रायफल आहे. म्हणा, जा."

ते कागद चाळायला लागले. "थँक यू फॉर युअर करेज," समितीच्या अध्यक्ष म्हणाल्या आणि माझा माइक बंद झाला.

विधेयक अजून समितीतच पडलंय. हात मिळवणारे पुष्कळ भेटले, पण विधेयक मतदानाला कोणी आणलं नाही. त्यांचं कौतुक मला नको. मला तो कायदा हवाय.

परतताना गाडीत रेवाला सांगितलं, "भीतीनं हसले गं. तू होतीस म्हणून हसले."

ती म्हणाली, "आय नो, आई." आणि पुढच्या सुनावणीला तिने स्वतःचंही नाव दिलं.

यंदा संक्रांतीला वसंतकाका म्हणाले, "तू आतच थांब." मी दारातच उभी राहिले. आता आधी माणूस बघते, त्याचे हात बघते, मगच वडी पुढे करते. माझी ती खोड त्या रायफलवाल्याने मोडली, आणि ते मी विसरणार नाही. जितक्या सुनावण्या लागतील तितक्यांना जाणार. मत टाळणाऱ्या प्रत्येकाच्या दारात जाऊन उभी राहणार. गोड बोलणार नाही, आणि कोणी सांगितलं म्हणून हसणार तर नाहीच.