नाईक आणि ‘वारि’ शब्दाची रूपे

रज्जाक मिस्त्री आमच्या अंगणात कधी शांतपणे बसल्याचे मला स्मरत नाही. राळेगावच्या बसस्थानकामागे त्याचे मोटारसायकल दुरुस्तीचे दुकान आहे. दिवसभर इंजिनांशी बोलण्याची सवय जडल्याने तो माणसांशीही त्याच पट्टीत बोलतो. त्या सकाळी मात्र मी देवपूजेला बसलो असता तो आला, चपला काढून ओट्याच्या खालच्या पायरीवर टेकला आणि काहीच बोलला नाही. मी खुणेने विचारले. तो म्हणाला, “पूजा पूरी कर लो गुरुजी. जल्दी की बात नहीं रही अब…” मी पूजा पूर्ण केली, परंतु देवांना गंध आधी लावले की फुले आधी वाहिली, हे मला आजही सांगता येणार नाही. थावरा नाईक गेले होते. सायंकाळी जेवले, अंगणातल्या बाजेवर पाठ टेकली, आणि सून पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा तो घ्यायला कोणी उरले नव्हते. परमेश्वर असे मरण पुण्यवंतांनाच देतो, असे मी रज्जाकला म्हणालो. तो डोळे पुसत म्हणाला, “हाँ गुरुजी, मगर मेरा पाना उन्हीं के घर रह गया.” शोकाच्या क्षणीही ज्यांच्या आठवणीने माणसाच्या तोंडून असे काही निघावे, त्या नाईकांविषयी आता काही आठवड्यांनंतर लिहितो आहे.

नाईक हे त्यांचे आडनाव नव्हे, पद होते. आमच्या गावाच्या शिवेला लागून बंजारा समाजाचा तांडा आहे. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. आजचे वंशज कापूस आणि तूर पिकवतात. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात. मी माध्यमिक शाळेत संस्कृतचा शिक्षक. ‘नी’ म्हणजे नेणे, त्यावरून नायक आणि त्याचाच पुढे नाईक, ही व्युत्पत्ती मी त्यांना पहिल्याच भेटीत मोठ्या आदराने सांगितली. त्यांनीही ती आदराने ऐकून घेतली. उत्साहाच्या भरात मी शास्त्रात सांगितलेले नायकाचे चार प्रकारही सांगितले: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. नाईकांनी विचार केला आणि म्हणाले, “गुर्जी, या चौघांतला गाडीच्या चाकाले वंगन कोन घालते?” शास्त्र या बाबतीत मौन आहे, असे मला कबूल करावे लागले. “मंग मले पाचव्यात टाका,” असे म्हणून ते वंगणाची नळी घेऊन गाडीखाली शिरले. पुढे अनेक वर्षे मी त्यांना त्या चारांपैकी एकात बसवण्याचा प्रयत्न करीत राहिलो. ते कोठेच बसले नाहीत.

धीर होता, परंतु उदात्तता म्हणावी तर सभेत ते उघडपणे घोरत. ललित म्हणावे तर होळीच्या फेरात त्यांचा पाय नेहमी शेजाऱ्याच्या पायावर पडे. त्यांच्या सवयी मात्र मी पुढे विद्यार्थ्यांना सांगत असे. कोणी कितीही रागाने त्यांच्या ओट्यावर आला तरी ते पहिल्यांदा “जेवले का?” असे विचारत. उपाशी माणसाचे भांडण ते ऐकूनच घेत नसत; त्याला आधी भाकरी देत आणि मग म्हणत, “हं, आता भांडा.” बहुतेक लोक जेवल्यावर भांडणाचा मुद्दा विसरत. काही जण तर भाकरीसाठी भांडण घेऊन येतात, अशी त्यांच्या बायकोची, नाईकणीची, तक्रार होती. दुसरी सवय मला फार उशिरा कळली. सभेत बाहेरचा कोणी बोलू लागला की नाईक मध्येच हात वर करीत. “मले समजलं नाही साहेब, पुन्हा एकडाव सांगा.” एकदा बोंडअळीवर बोलायला आलेल्या एका तरुण अधिकाऱ्याला त्यांनी असे पुन्हा पुन्हा सांगायला लावले. प्रत्येक वेळी त्या बिचाऱ्याची भाषा थोडी सोपी होत गेली, आणि शेवटी तो आपल्या आईशी बोलावे तसे बोलला. तेव्हा मागे बसलेल्या बायकांनी माना हलवल्या. परत येताना मी नाईकांना दिलासा दिला की, वयोमानाने असे समजायला अवघड जाते. ते हसून म्हणाले, “मले तं पहिल्याच वेळी समजलं होतं. पन विचाराले लाजनारे तिथं लय होते, अन मले लाज कायची?”

त्यांचा एकुलता मुलगा विलास माझ्या शाळेत होता. मुलाला संस्कृत शिकवायचे हे त्यांनीच ठरवले. लोकांनी विचारले, याचा उपयोग काय? तेव्हा नाईक म्हणाले की, या भाषेत पोराला शिव्या देता येणार नाहीत, एवढा उपयोग पुरे आहे. विलास बुद्धिमान आणि तापट होता. शब्दरूपे त्याला मुखोद्गत. वर्गात एखादा विद्यार्थी अडखळला की मी विचारण्याच्या आत पुढचे रूप विलासच्या तोंडून निघून जाई. या सवयीबद्दल मी त्याला अनेकदा दटावले. ईश्वराने ते दटावणे निष्फळ ठेवले, हे त्याचे उपकार…

पुढे ती वाईट वर्षे आली. कापसाला भाव नाही, वेचायला माणूस नाही, आणि ज्याने कसाबसा वेचला त्याला काटा मिळत नाही. काटा म्हणजे खरेदी केंद्रावरचा वजनकाटा. तो चालू असला की गाड्यांची रांग सरके. बंद पडला की घरोघरची चूल अर्धी होई. त्या हिवाळ्यात गोदाम भरल्याचे सांगून काटा बंद झाला. फाटकापासून नाल्याच्या पुलापर्यंत बैलगाड्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. सबंध तांड्याचा कापूस त्या रांगेत होता. नाईक मला म्हणाले, “तुम्ही नुसते येऊन बसा. म्हाताऱ्या मानसासमोर पोट्टे शिव्या कमी देते.” समाजाला माझा एवढा तरी उपयोग व्हावा, या भावनेने मी संध्येची भांडी घेऊन त्यांच्या गाडीशेजारी जाऊन बसलो.

तेथे दुपारी एक पुढारी जीपमधून आले. कापूस जाळल्याशिवाय सरकारला धग लागणार नाही, असे त्यांनी जीपच्या टपावरून सांगितले, आणि धग लागण्यापूर्वी ते निघून गेले. मागे राहिली ती तापलेली माणसे. विलास तेव्हा यवतमाळला महाविद्यालयात शिकत होता. सुटीला आलेला तो मुलगा एकदम पुढे झाला. त्याने स्वतःच्याच घरच्या गाडीतला कापूस रस्त्यावर ओढून ढीग केला, राकेलचा डबा त्यावर ओतला आणि गाडीत उरलेल्या कापसावर उभा राहून काडीपेटी काढली. लोक ओरडू लागले. कोणी थांब म्हणत होते, बहुतेक पेटव म्हणत होते. वारा रांगेच्या दिशेने वाहत होता. तो एक ढीग पेटला असता तर पुलापर्यंत एकही गाडी वाचली नसती, आणि बैलही जुंपलेलेच होते.

मी नाईकांकडे पाहिले. ते पागोटे सोडून पुन्हा बांधत होते. राग आला किंवा भीती वाटली की ते असेच करीत. मी हलक्या आवाजात म्हणालो, नाईक, मुलाला दटावा.

“दटावलं तं पेटवनच,” ते म्हणाले. “सारे पाहून राह्यले गुर्जी, त्याले आता माघारी येता येत नाही. तुम्ही म्हना कायतरी.”

“मी काय म्हणू?”

“तुमचं ते. मोठ्यानं म्हना.”

ज्या मुखाने आयुष्यभर स्तोत्रपठण केले त्या मुखातून त्या क्षणी एकही श्लोक फुटेना. सगळी विद्या कोठे गेली, देव जाणे. मी डोळे मिटले, हात जोडले, आणि कंठातून निघाले ते थेट आठवीच्या वर्गातले: “वारि, वारिणी, वारीणि!”

जमावात शांतता पसरली. काहीतरी धार्मिक चालले आहे, अशा समजुतीने लोकांनी हात जोडले. मी द्वितीया म्हटली. नपुंसकलिंगात ती प्रथमेसारखीच असल्याने लोकांना ते धृपद वाटले आणि काहींनी माझ्यामागून म्हटलेही. तृतीयेला मी “वारिणा, वारिभ्याम्” येथपर्यंत आलो आणि नेमक्या त्याच वेळी नाईकांनी उत्तेजनार्थ माझ्या पाठीत बोट खुपसले. मी अडखळलो… आणि गाडीवरून, हातात काडी धरलेल्या विलासच्या तोंडून, वर्गातल्या सवयीने आले: “वारिभिः.”

सगळ्यांनी वर पाहिले. खालून कोणी तरी विचारले, “काय बे विलास, काय म्हंते गुर्जी?”

विलास गोंधळून म्हणाला, “पानी.”

“पानी काहून?”

नाईकांनी फक्त कपाळावर हात धरला आणि आभाळाकडे पाहिले. आभाळात दोन दिवसांपासून ढग होतेच. त्यांची दखल कोणी घेतली नव्हती, एवढेच. एका म्हातारीने किंकाळी फोडली, “गुर्जी पानी बोलावून राह्यले! झाका रे, कापूस झाका!” पुढच्या क्षणी सगळी रांग हलली. ज्याला ताडपत्री मिळाली त्याने ताडपत्री, ज्याला नाही त्याने सतरंजी, धोतर, बायकोचे लुगडे, जे हाताला लागेल ते गाडीवर टाकायला सुरुवात केली. मी चतुर्थीपर्यंत पोहोचलो होतो. रूपे अर्धवट सोडणे माझ्या संस्कारात बसत नाही. एक शेतकरी माझे पाय धरून विनवू लागला की, माझ्या गाडीचा काटा होईपर्यंत तरी थांबा. मी त्याला खुणेने सांगितले की, आता पंचमीच चालली आहे, थोडेच राहिले.

विलास काडी हातात घेऊन गाडीवर एकटा उभा होता. पेटव म्हणणारा एकही जण आता त्याच्याकडे पाहत नव्हता. नाईक त्याच्या गाडीजवळून गेले आणि वर न बघता म्हणाले, “विलास, माही ताडपत्री सापडत नाही.” विलासने काडी खिशात घातली आणि खाली उतरला.

पाऊस आला नाही. एक थेंबही नाही. ते माझ्या उच्चारातील दोषामुळे झाले, असे काही जण अजून मानतात. आजही वेचणीच्या दिवसांत तांड्यातून जाताना लोक मला मौन पाळण्याची विनंती करतात, आणि जून कोरडा गेला की घरी येऊन ‘ते पान्याचं’ म्हणायला सांगतात. मी व्याकरण समजावून सांगणे केव्हाच सोडून दिले आहे. त्या दिवशी सगळे कापूस झाकण्यात गुंतले असताना नाईक फाटकातून एकटे आत गेले आणि जमावाच्या भीतीने सकाळपासून दार लावून बसलेल्या, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरला त्यांनी विचारले, जेवले का? तो जेवलेला नव्हता. नाईकांनी आपली भाकरी आणि ठेचा त्याच्यापुढे ठेवला. ठेच्याने त्या सज्जनाच्या डोळ्यांतून पाणी काढले, आणि जागा कोठे करता येईल ते दोघांनी मिळून गोदामात फिरून पाहिले. सूर्य मावळण्यापूर्वी काटा सुरू झाला होता.

परतीच्या वाटेवर मी त्यांना विचारले की, पावसाचे हे सगळे तुम्हाला आधीच सुचले होते का? ते म्हणाले, “कायचं सुचनार! पन डोक्यात आग असली की मानसाले शहानपन सांगू नोका गुर्जी. काम सांगा.” शास्त्राने नायकाची जी लक्षणे सांगितली आहेत त्यांत हे एक वाढवावे, असे मला अनेकदा वाटले आहे.

मागच्या आठवड्यात मी तांड्यावर गेलो होतो. विलास आता चाळिशीकडे झुकला आहे आणि पागोटे त्याच्या डोक्यावर आले आहे. बांधाच्या वादासाठी आलेले दोन चुलतभाऊ ओट्यावर बसले होते. त्यांना थोडे थांबायला सांगून विलास माझ्याजवळ आला. बराच वेळ तो पायाच्या अंगठ्याने माती उकरीत होता. मग म्हणाला, “गुर्जी, त्या दिवसाबद्दल बाप मले कधी काही बोलला नाही. एक शिवी नाही, का एक झापड नाही. म्या वाट पाह्यली… आज बोलन, उद्या बोलन. आता तं बोलनाराच गेला. तुमच्यापाशी कधी बोलला का?”

नाईकांनी मला एक गोष्ट कोणाजवळही न बोलण्यास सांगितले होते. परंतु ते गेले, आणि समोरचा माणूस त्यांचाच मुलगा. मी म्हणालो, “तुझ्या काडीबद्दल ते काही बोलले नाहीत. फक्त एवढेच म्हणाले की, राकेल महिन्याचे होते. रेशनचा डबा तू रिकामा केल्याचे तुझ्या आईला कळले तर ती तुला सोडणार नाही, म्हणून आपल्याच हातून तो लवंडला असे ते घरी सांगणार होते.”

विलास काही बोलण्याच्या आत घरातून भांडे ठेवल्याचा आवाज आला आणि नाईकण दारात उभी राहिली. तिने विलासकडे पाहिले.

“म्हंजे ते राकेल तू नेलतं?”

विलास उठून उभा राहिला. तांड्याचा नाईक, पागोट्यासह, आईपुढे मान खाली घालून. तिने बोलायला सुरुवात केली. अर्धे तिच्या गोरबोलीत, अर्धे आमच्या वऱ्हाडीत. इतकी वर्षे त्या भोळ्या माणसाला धांदरट म्हटले, हाताला वळण नाही म्हटले, दिवाळीला आणि होळीला त्या डब्याची आठवण करून दिली, आणि तो खाली मान घालून जेवत राहिला… मध्येच ती पदराने डोळे पुसे आणि पुन्हा नव्या जोमाने आरंभ करी. विलास ऐकत होता. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होते आणि गालांवरून पाणी वाहत होते. चुलतभाऊ बांध विसरून एकमेकांना खेटून बसले होते.

हा प्रसंग कुटुंबाचा आहे, तेथे आपण थांबू नये, असे वाटून मी काठी घेतली आणि उठू लागलो.

“बसा गुर्जी,” नाईकण म्हणाली. “अजून झालं नाही.”