पाळीची पाटी

"पानी काय लिवून येत न्हाय."

गुणाजी हे इतक्यांदा म्हणे, की त्याला पाहिलं की पाड्यातली पोरं तेच ओरडत. कोणी विचारलं, "दादा, उधाण कवा चढंल?" तर तो आधी खाडीकडे पाही, मग पायाखालच्या चिखलाकडे, आणि एवढं म्हणून वेळ सांगे. ती वेळ कधी चुकली नाही. लोकांना वाटे, काय शहाणा माणूस! त्या एका वाक्याच्या आडोशाला हा माणूस बावीस वर्षं लपून राहिला आहे, हे कोणाच्या मनातही आलं नाही.

चौलच्या वरच्या अंगाला, खाडीला लागून, पाड्याची खार होती. खार म्हणजे समुद्राच्या तोंडातून काढून घेतलेली भातजमीन. मधे एक मातीचा बांध; पलीकडे तिवरांची झाडी आणि खारं पाणी, अलीकडे चाळीस घरांचं पोट. बांधाला एका जागी उघाडी होती, लाकडी झडपेचं दार. ओहोटीला झडप उचलून शेतातलं जास्तीचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरती लागायच्या आत ती पाडून घट्ट करायची. एक भरती जरी आत शिरली, तर ती जमीन पुढं दोन-तीन वर्षं भाताचा दाणा देत नाही.

ही उघाडी गुणाजीच्या हाती होती. तो बांधावरून कायम अनवाणी चाले. खेकडे बांध आतून पोखरतात, वरून काहीच दिसत नाही. पण गुणाजीच्या तळव्याला एखाद्या जागी माती जराशी गार लागे. तो तिथंच थांबे, पहार मारी, आणि आत झिरपणारं बीळ हमखास सापडे. पेंढा आणि चिखल भरून ते बुजेपर्यंत तो कोणाशी बोलत नसे.

उघाडी त्याला मिळाली ती मात्र या पायांमुळे नव्हे. खूप पूर्वी, पाड्यात शाळा नव्हती तेव्हा, कचेरीतून बांधाविषयी एक कागद आला होता. पाड्यात तो कोणालाच वाचता आला नाही. आठ दिवस मारुतीपुढं पडून राहिला. तेव्हा जोळानं, म्हणजे बांध राखणाऱ्या घरांच्या बैठकीनं, ठरवून टाकलं की यापुढं शाळेत बसलेल्या माणसाकडेच उघाडी द्यायची. चार वर्षं परगावच्या शाळेत बसलेला एकटा गुणाजीच होता, आणि कागद आला तेव्हा तो नेमका बाहेरगावी होता.

बसला होता खरा. श्लोक एकदा कानावर पडला की पाठ. तिसापर्यंतचे पाढे वरून खाली, खालून वर. पण पुस्तक उघडलं की सगळं संपे. काल ओळख झालेलं अक्षर आज परक्या गावच्या माणसासारखं बघत राही. शेजारची पोरं भराभर वाचत, आणि हा एका ओळीत बैल चिखलात रुतावा तसा रुतून बसे. त्या काळी या गोष्टीला आमच्या मुलखात नाव नव्हतं. होत्या त्या शिव्या: ढ, मठ्ठ, सोंगाड्या. छड्या खाऊन तो एकच विद्या शिकला. दुसरा वाचताना कान देऊन ऐकायचं, आणि आपली पाळी आली की पुस्तक धरून तेच म्हणायचं.

उघाडीवरही हीच विद्या चालली. कागद आला की तो घडी घालून कनवटीला लावी. "सवडीनं बघतो," म्हणे, आणि रेवदंड्याच्या बाजारातल्या एका दुकानदाराकडून वाचून घ्यायला चालत जाई. एका कागदापायी कोसाकोसाची चाल. लोक म्हणत, गुणाजीदादा विचार करून सांगतो.

वर्षातून एकदा खरी कसोटी असे. वैशाखात बांधाची डागडुजी झाली की सगळा जोळ उघाडीपाशी जमे. पावसाळ्यातल्या उधाणाच्या कोणत्या दिवशी कोणत्या घरानं बांधावर उभं राहायचं, त्या पाळ्या एका लाकडी पाटीवर लिहिलेल्या असत. अक्षर चांगलं या निमित्तानं गुणाजी आदल्या दिवशी त्या शाळेच्या मास्तरांना तोंडी सांगे, मास्तर चुन्यानं लिहीत, आणि दुसऱ्या दिवशी गुणाजी पाटी हातात धरून खणखणीत आवाजात चाळीस घरं वाचून दाखवी. सारं त्याचंच सांगितलेलं. चुकणार कसं?

असंच मरेपर्यंत चाललं असतं.

सन एकतीसच्या वैशाखात बाळाजीमास्तर बांधावर आले. हे मूळचे पालीकडचे, शाळेवर येऊन दोन वर्षं झालेली.

"गुणाजी, दिपोटीसाहेब शाळेच्या तपासणीला यायचे आहेत. तुमच्या केसरचं नाव कमी करावं म्हणतो."

"काय केलं तिनं?"

"काही करत नाही, हेच! तोंडी विचारा, पोपट. पुस्तक पुढं ठेवा, दगड. दोन वर्षं पहिलीतच आहे. मी रोज सांगतो, अगं, तुझा बाप पाटी वाचतो ती बघ, देवळातली घंटा वाजावी तसा! आळस आहे, दुसरं काय? छडीनंही जात नाही."

"मारता तिला?"

"मग काय आरती ओवाळू?"

त्या दिवशी गुणाजी बांधावरून दोनदा फिरला, आणि पायाखाली काय लागतं आहे ते त्याला एकदाही कळलं नाही.

घरी केसर ओटीवर तांदूळ निवडत होती. नऊ वर्षांची पोर. त्यानं तिचा हात उलटा केला. तळव्यावर लाल वळ होते.

"मी आलशी न्हाय, बा," ती आपणहून म्हणाली. "काल वळखलेलं आज वळखत न्हाय. समद्यांना येतं, मलाच का न्हाय?"

"मग तू काय करतंस?"

"तुज्यासारखं करून बघितलं. मास्तर म्हनतात ना, बाप बघ. म्हनून पुस्तक धरलं आनि मोट्यानं म्हनत ऱ्हायले. मास्तरांनी हलूच पुस्तक उलटं केलं. मला कललंच न्हाय. समदी हसली."

चुलीपाशी रंगू, तिची आई, फुंकणी हातात धरून थांबली. नवरा कागद घेऊन रेवदंड्याला का जातो, हे तिला पंधरा वर्षांपासून कळत होतं. ती कधी बोलली नव्हती.

"अवो," ती आज म्हणाली, "तिला तरी सांगा."

"तिला सांगून काय हुतंय?" गुणाजी म्हणाला. "तिला हसले ते दुसरेच. सांगायचं तर त्यांना."

दुसऱ्या सकाळी जोळ जमला. मास्तरही होते, बायापोरंही होती. गुणाजीनं पाटी उचलली. वरच्या कडेला दोरीचं भोक असे. त्यानं ते बोटानं चाचपलं, आणि सगळ्यांच्या देखत पाटी फिरवून भोक खाली केलं. मग वाचू लागला.

"ज्येष्ठी पुनव, हरेश्वराचं घर. पुनवेचा दुसरा दिस, अनंताचं घर..."

"दादा, पाटी उलटी हाय!" शाळा शिकलेला तरणा मोरू मागून ओरडला. लोक हसले.

गुणाजी थांबला नाही. एकेक घर घेत गेला. हसू कमी होत गेलं. दहाव्या घरापाशी कोणी खोकलंसुद्धा नाही. चाळिसावं घर संपलं तेव्हा त्यानं पाटी खाली ठेवली.

"उलटी काय आनि सुलटी काय," तो म्हणाला. "मला दोनी सारख्याच. मला वाचता येत न्हाय."

"आनि कचेरीचे कागद?" जोळाचा म्हातारा हरेश्वरतात्या उठून उभा राहिला.

"रेवदंड्याहून वाचून आनत हुतो. एकबी चुकला न्हाय, तात्या."

"न्हाय चुकला. पर बावीस वर्सं फसवलंस आमाला."

"व्हय."

गुणाजी मास्तरांकडे वळला.

"मास्तर, मला आलस नव्हता. हिलाबी न्हाय. ही कानानं शिकते, तर कानानं शिकवा. अक्षरं हलूहलू येतील, येऊ द्या. न्हाय आली, तरी पोरीला बापासारखं लपावं लागू नये. तेवडं नाव खोडू नका."

मास्तर म्हणाले, "नाव राहील."

हरेश्वरतात्यानं मान खाली घातली. "गुणाजी, जोळाचा शब्द हाय. वाचनाऱ्याच्या हातीच उघाडी."

गुणाजीनं झडप उचलायचा लोखंडी आकडा कमरेचा काढला आणि पाटीवर ठेवला. पाड्यात आता मोरूला वाचता येत होतं. पण तो पुढं येईना. आकडा कोणीच उचलेना.

"झडप डाव्या अंगाला जड हाय, मोरू," गुणाजी म्हणाला. "तिकडनं धर."

आणि तो बांधावरून चालू लागला, अनवाणी. ओहोटी लागली होती, तिवरांची मुळं उघडी पडत होती. थोडं पुढं जाऊन तो एका जागी थांबला, टाच दाबून पाहिली, खाली वाकून ओंजळभर चिखल त्या जागी थापला आणि पुन्हा निघाला.

लोक पांगले. रंगू भाकरीच्या टोपल्या गोळा करत होती. तिनं एकदाच वर पाहिलं. मास्तरांनी पाटी उचलली होती. त्यांनी ती उलटी धरली होती, आणि आपल्याच हातानं लिहिलेलं पहिलं नाव वाचायला ते ओठ हलवत धडपडत होते.

केसर त्यांच्या शेजारी उभी होती. तिचं लक्ष पाटीकडे नव्हतं. बांध जिथं तिवरांत वळतो, तिथं तिचा बाप दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली.