उंदराच्या कुशीतला उजेड

सर्वांना अत्यंत गांभीर्याने कळवतो की, काल भरदुपारी भाचीच्या प्रयोगशाळेत मी भूत पाहिलं. कुपीतलं गढूळ पाणी जांभळ्या दिव्याखाली लाल पेटलं आणि बाहेरून लोहचुंबक लावताच तो उजेड मुकाट्याने काचेकडे सरकला.

"मामा, हे क्वांटम डॉट, लोहकणांना जोडलेले चमकणारे अतिसूक्ष्म कण. कर्करोगाच्या गाठीपाशी असेच नेता येतात, मग गाठ चमकते," भाची म्हणाली.

तिने एका उंदराचा फोटो दाखवला. काळोखात त्याच्या कुशीतली गाठ निखाऱ्यासारखी दिसत होती. शेजारच्या पिंजऱ्यात तोच उंदीर निवांत दाणे कुरतडत होता. भूत म्हणजे तरी काय, न दिसता आपल्यातच राहणारं कुणीतरी.

बायकोच्या गाठीचा रिपोर्ट संध्याकाळी यायचा होता आणि तोवर मन रमवायला तिला इथे आणण्याची अक्कल माझीच. ती पिंजऱ्यापाशी वाकली आणि म्हणाली, "ह्याला सांगितलंय का कुणी?"